मावशींचा क्रमांक

सर्व्हरवरचे नकाशे पुसले गेले, तेव्हा ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्याने आराखडे काढणाऱ्या मावशींना सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "पुसणाऱ्याचं नाव तुमचंच दिसतंय, मावशी. वय झालं की बोटं घसरायचीच." लोक हसले होते.

आज नव्या मुलीचं मशीन तपासताना त्याला स्वतःचीच चूक सापडली. सर्व्हर माणसाला फक्त क्रमांकावरून ओळखतो, आणि त्याने घाईत तिला मावशींचाच क्रमांक देऊन ठेवला होता. तिने पुसलेलं मावशींच्या नावावर चढलं होतं.

तो मान खाली घालून मावशींच्या टेबलाशी गेला. "चूक माझी होती, मावशी," तो पुटपुटला.

"माझ्या कानात काय सांगतोस? चारचौघांत बोललास, आता चारचौघांतच निस्तर."

तो हॉलच्या मधोमध उभा राहिला. घसा खाकरताच सगळ्यांनी माना वर केल्या, आणि त्याचे कान तापले.