लताबाईंनी तळघर भरलं त्याची गोष्ट

जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळात लताबाईंबद्दल दोन तट आहेत. त्यांच्या कुरडया खाल्लेले एकीकडे, त्यांची बोलणी खाल्लेले दुसरीकडे. मी दोन्ही खाल्लंय, म्हणून मला सांगायचा अधिकार.

बाई शिरोळच्या. कृष्णेच्या पुरात संसार माळ्यावर चढवायचा आणि ओसरल्यावर गाळ उपसायचा, यात उमर गेली. यजमान गेल्यावर त्या इथे मुलाकडे आल्या. हृषिकेश लुडविग्सहाफेनला केमिकल इंजिनीअर. नळीतून काय वाहतं ते त्याला झोपेतही कळतं, पण नवं घर घेतलं ते ऱ्हाइनच्या काठच्या खेड्यात, श्पार्गेलच्या शेतांना लागून. ही पांढरी शतावरी. वसंतात इथली माणसं तिच्यामागे अशी लागतात, की आपले हापूसवाले लाजावेत.

त्या वसंतात वर डोंगरात बर्फ वितळलं, त्यात पाऊस लागला आणि ऱ्हाइन बांधाच्या गळ्याशी आली. लताबाईंनी तळघरातल्या बरण्या, पापडांचे डबे, शिलाई मशीन सगळं वर नेलं. हृषिकेश हसला. "आई, एवढा बांध आहे! पाणी पलीकडे राहील." आणि गेला कामावर. मुक्ता, म्हणजे सून, ऑफिसच्या कामाने हाम्बुर्गला. घरात बाई एकट्या.

दुपारी फायरब्रिगेडची गाडी भोंग्यावर काहीतरी सांगत गेली. बाईंना दोनच शब्द कळले, पाणी आणि तळघर. पुरेत की! खाली जाऊन बघतात तर नदी बांधाच्या पलीकडेच, पण तळघराच्या जमिनीतून पाणी पाझरतंय. हे कुठलं पाणी? कृष्णा निदान दारातून यायची. बाईंनी दोन जुनी लुगडी मोरीत कोंबली, खिडकीला गोधडी लावली आणि कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात गोधडी ढकलून खिडकीतून बागेची रबरी नळी आत आली. नळीच्या पलीकडे शेजारच्या केसलरबाई. नळी चालू!

आता आमच्यात बोलवा अशी, की गॅलरीत कुरडया वाळत घातल्या म्हणून याच केसलरबाईंनी तक्रार केली होती. खरंखोटं देव जाणे, मी फक्त चार घरी सांगितलं. तर लताबाईंना वाटलं, हा त्याचाच सूड.

"अहो बाई, बुडवताय होय माझं घर?" त्यांनी नळी बाहेर ढकलली.

"नाइन, नाइन, फ्राउ लता!" नाही नाही करत केसलरबाईंनी ती पुन्हा आत सारली.

बराच वेळ हे चाललं. मग बाईंनी मुलाला फोन लावला.

"आई, नळी काढ आणि पंप लाव. नाही, थांब. इथे एकजण म्हणतोय पंप नको. म्हणजे... मी विचारतो. तू काहीच करू नकोस."

"काहीच न करता पाणी थांबतं का रे, इंजिनीअर?"

फोन कटला. जमिनीला मधोमध बारीक भेग पडली होती आणि ती बाईंच्या डोळ्यांदेखत लांबत होती. भिंतीतून कटकन आवाज आला. आता प्रश्न तळघराचा नव्हता, मुलाच्या घराचा होता.

केसलरबाई नळ बंद करून आत आल्या. आधी तळघराची वीज बंद केली, मग बाईंचं मोठं पातेलं वरून आणून धुण्याच्या टाकीतल्या पाण्यात सोडलं. पातेलं तरंगलं, कलंडलं, टाकीला आपटलं. "हाउस," केसलरबाई म्हणाल्या. मग त्यात तांब्याने पाणी ओतत गेल्या. पातेलं जड झालं, खाली बसलं. तरीही "हाउस."

लताबाई पातेल्याकडे बघत राहिल्या. नदीवर रिकामी कळशी हातची सुटते, भरलेली जागची हलत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको. पण घर म्हणजे कळशी? खालचं पाणी घर उचलणार, म्हणून घरात आपणच पाणी भरायचं?

भेग वीतभर पुढे सरकली.

बाईंनी वरून कुंकवाचा करंडा आणला. "नदी घ्यायचीच घरात, तर रीतीने घेऊ." उंबरा नव्हता म्हणून नळीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, मग केसलरबाईंच्या कपाळाला. आता चक्रावायची पाळी त्यांची. त्यांनी कपाळाला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन नळ सोडला.

हृषिकेश धावतपळत आला तेव्हा आई पायरीवर बसलेली, हातात नळी, तळघरात गुडघाभर पाणी.

"आई! काय केलंस हे? पंप कुठाय?"

"हात लावशील तर बघ. घर वर येईल."

"घर वर कसं येईल?"

"मला काय विचारतोस? तू शिकलायस!"

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, केसलरबाई म्हणाल्या. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं.

हृषिकेश एकदा पाण्याकडे, एकदा केसलरबाईंच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघत उभा राहिला. मग पाण्यात उतरून, आईने दाखवली तिथे कोपरापर्यंत हात घालून भेग चाचपली. ती थांबली होती. त्याने ओले मोजे काढले, आईशेजारी बसला आणि नळी हातात घेतली.

"किती भरायचं?"

"त्यांना विचार," बाई म्हणाल्या. "आणि त्या कुरडयांचंही विचारून घे."