साठावी सरकी

उतारावर पाय थांबवले, की सायकलच्या मागच्या चाकातून एक नाजूक टिकटिक सुरू होते. केळीच्या बागांचा ओलसर गंध, तापल्या तेलाचा वास आणि ही टिकटिक! मित्रा, माझ्या आयुष्यातल्या साऱ्या सायंकाळी या तिन्हींनी भरलेल्या होत्या, आणि आज त्यांतले एकही मला सोसवत नाही.

देवी टोचण्याच्या नोकरीत मी सारा खानदेश सायकलीवर पालथा घातला. साक्रीच्या चढांवर ऊर फुटला, बोदवडच्या काळ्या मातीत चाके रुतली. एवढ्या भ्रमंतीचे मोल मोजावे तरी कशाने? मीच एक नियम केला: साठ मैलांचे साठ दिवस. एक मैल जरी कमी पडला, तरी तो दिवस धरायचा नाही! दिवस भरला, की माझी पत्नी कापसाचे एक बी, एक सरकी, चिनी मातीच्या बरणीत टाकी. "लोके सरकी पेरतस, आपन बरनीमा भरतस!" असे म्हणून माझी थट्टाही करी.

पण दैवाचा खेळ असा, की धुळ्याहून जळगावच्या माझ्या दारापर्यंत सत्तावन्नच मैल भरत. मग मी स्वतःच्या दारावरून तसाच पुढे जाई आणि भुसावळच्या रस्त्याने दीड मैल जाऊन परत फिरे. ओट्यावर बसलेली ती मला जाताना पाही. घर ओलांडून जायचे आणि त्यालाच पराक्रम म्हणायचे, केवढे हे माझे शहाणपण!

साठाव्या दिवशी, उन्हे कलताना, तिने ओट्यावरून हात उंचावला. मीही ऐटीत हात हलवला आणि पुढे गेलो. परतलो, तेव्हा ती भिंतीला टेकली होती; कपाळ घामाने थबथबले होते. "आज भरनं का?" एवढेच तिने विचारले. मी हो म्हणालो. वैद्य येण्याआधीच ती गेली. तिच्या मिटल्या मुठीत एक सरकी होती.

तो हात सरकी दाखवण्यासाठी होता, की मला थांबवण्यासाठी? तीन मैल आधी उतरलो असतो, तर ती वाचली असती का? हे आता मी कोणाला विचारू?

बरणीत आजही एकोणसाठच सरक्या आहेत. साठावी माझ्याने टाकवली नाही. पोटासाठी सायकल मात्र सुटत नाही. धुळ्याहून येतो, दारासमोर उतरतो, टिकटिक थांबते. सत्तावन्न मैल झालेले असतात, आणि ओट्यावर कोणी नसते.