शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या

भुईमुगात चाळीस गुणसूत्रं असतात, त्याच्या रानटी भावंडात वीस. दोघांचा खरा संकर झाला तर रोपात तीस निघतात. पानांवर डाग पाडणाऱ्या टिक्का रोगाला रानटी भावंड सहसा दाद देत नाही, म्हणून नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत मला तीसवालं रोप हवं होतं. दोन हंगाम पहाटे उठून एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलांवर लावले, तेव्हा कुठे दोन रोपं पदरात पडली. त्यांतलं खरं कुठलं, ते मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

मोजणीसाठी दोन्हींच्या मुळांची टोकं मी स्पिरिटच्या दोन बाटल्यांत टाकली. आतली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची, हा आमच्याकडचा पहिला धडा, कारण स्पिरिट शाई धुऊन नेतं. मला पेन्सिल शोधायचा कंटाळा आला. सकाळी पाहते तर चिठ्ठ्या कोऱ्या. डावी बाटली पहिल्या रोपाची, असं मी छातीठोकपणे ठरवून टाकलं आणि कुणाला बोलले नाही.

डाव्या बाटलीत तीस निघाली, उजवीत चाळीस. पहिल्या रोपाचे लाड सुरू झाले. दुसरं म्हणजे साधा भुईमूग, ते आमची प्रयोगशाळा सांभाळणारे काका खाप्याला घरी घेऊन गेले.

तीन महिन्यांनी लाडक्याची कुंडी उकरली, तर शेंगाच शेंगा. तीसवाल्याची गुणसूत्रं नीट जोडीने लागत नाहीत. त्याला फुलं येतात, शेंगा धरत नाहीत. म्हणजे डावी बाटली दुसऱ्या रोपाची होती.

काकांना विचारलं, "तुमचं रोप कसं आहे?"

"फुलंच फुलं, मॅडम. शेंग एक नाही. काहून ठेवायचं? काल तुमच्या काकूनं उपटून टाकलं."

त्याच दुपारी मी त्यांच्यासोबत खाप्याच्या बसमध्ये बसले. भुईमुगाची ओली फांदीही मूळ धरते. एक मिळाली तरी पुरे होती. अंगणात शेळी रवंथ करत होती. रोप कुठे टाकलं विचारल्यावर काकूंनी तिच्याकडे बोट दाखवलं.

मला रडू आवरेना.

"बिनशेंगाच्या झाडासाठी काहून रडून राहिल्या, मॅडम?" काकूंनी माझ्या हातात पिशवी दिली. "ह्या घ्या, आमच्या वावरातल्या. चांगल्या लागल्या औंदा."

परतीच्या बसमध्ये माझ्या मार्गदर्शक सरांना काय सांगायचं, याचाच विचार करत मी शेंगा फोडत बसले. शाईचं सांगावंच लागणार होतं. शेंगा गोड होत्या.