शीड, बाभळी आणि माझं भाषण
सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, वास आला की मला कारंजा गावाजवळचं धरण आठवतं. शिडाच्या होडीवर पोरापोरींना नेतृत्व शिकवायचं शिबिर होतं आणि गुरुजी मी, पुस्तक वाचून तयार झालेला. पहिल्याच फेरीत उभ्यानं भाषण ठोकत होतो, तेवढ्यात होडी पाण्यातल्या बाभळींकडे निघाली. शीड एकच, काट्यांत फाटलं की शिबिर संपलं. थांबवायला मी शिडाची दोरी ओढली, तर होडी आणखीच पळाली. होडीतली एक पोरगी, जी एरवी घरच्या वावरात धान्याची उफणणी करायची, ती ओरडली, “सर, हवा इकून येऊन राह्यली! उफणतानी असे उभे राह्यले तर सारं कुटार तोंडात जाईन. दोरी सोडा अन् चूप बसा!” मी दोन्ही केलं. तिनं सुकाणू फिरवलं, शीड वाचलं. आता ते शिबिर तीच चालवते. नेतृत्वावरचं भाषण अजून माझंच आहे, फक्त ते मी काठावरून करतो.