रकान्यात न मावलेली विहीर

“साहेब, तुमी पावडर टाकता त्या विहिरीचं पानी आमी पेतच नाही,” यशोदाबाई म्हणाल्या, आणि ब्लीचिंग पावडरची बादली माझ्या हातात तशीच राहिली.

मध्य प्रदेशात लांजीकडच्या त्या गावात मी तीन वर्षं सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून जात होतो. काम सोपं. पावसाळ्याआधी विहिरीत जंतू मारायची पावडर टाकायची आणि रजिस्टरमध्ये ‘पाणी शुद्ध’ लिहायचं. तरी दर पावसाळ्यात यशोदाबाईंच्या बौद्ध टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीत, कॉलरा. आणि मी शहाणा त्यांना हात धुण्यावर भाषण देत होतो! गावच्या विहिरीवर त्यांना कोणी चढू देत नव्हतं. ते नाल्याच्या वाळूत झिरा खोदून, म्हणजे खड्ड्यात पाझरेल तेवढं, पाणी भरत. यशोदाबाईंची सून मागच्या पावसाळ्यात त्याच पाण्याने गेली होती. मला स्वतःची लाज वाटली.

तडक ब्लॉक ऑफिस गाठलं. विहिरीची सरकारी योजना होती, पण हरिजन वस्तीसाठी. टोल्याने दीक्षा घेतलेली, त्यामुळे कागदावर ते त्यात बसेनात.

बीडीओ साहेब भले गृहस्थ. म्हणाले, “अरे भाई, पुरानी जाति लिखवा लो, कुआँ ले लो.”

मी निरोप पोचवला. यशोदाबाईंनी धान पाखडायचं थांबवलं.

“घरात दोन नाती हायेत साहेब, विहीर मले पायजेच. पन जे नाव सोडून आलो, ते विहिरीसाठी वापस लिहाचं नाही.”

पावसाला दोन महिने उरले होते. मी दुसरी फाइल केली, कॉलरा प्रतिबंधाची. त्या फॉर्मात आजारी किती आणि पाणी कुठलं, एवढंच विचारलेलं.

बीडीओंनी तो उलटसुलट पाहिला. “इसमें जाति का कॉलम कहाँ है?”

“नाही सर. कॉलऱ्याला लागत नाही.”

ते हसले आणि सही केली. खोदायला सगळा टोला उतरला. मृगाआधी पाणी लागलं. त्या वर्षी टोल्यावर कोणी दगावलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली. मी पावडर घेऊन टोल्यावर पोचलो, तर गावच्या पटेलांची, म्हणजे मुखियाची, सून रिकामी घागर घेऊन विहिरीपासून चार हात लांब उभी. यशोदाबाईंनी तिला नीट न्याहाळलं.

“काहून बाई, फॉर्म आनला का?”

तिची मान खाली गेली. मग यशोदाबाईंनीच दोर तिच्या हातात दिला. “भर. तुह्या घरीबी लेकरं असन.”

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी कुठल्याही विहिरीत पावडर टाकण्याआधी एकच विचारत आलो: इथलं पाणी कोण पीत नाही?