बिऱ्हाडं वेगळी

आमच्या घाटकोपरच्या लॅबमध्ये बाकावर बसलेल्या पेशंटच्या मोबाइलवर दुसऱ्याचाच रिपोर्ट उघडला, आणि माझी झोप उडाली. पेशंटसाठीचं वायफाय आणि आमचे कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर होते.

दुसऱ्या दिवशी नेटवर्क नीट करायला बोलावलेली इंजिनिअर मुलगी आली. ओढणी कमरेला खोचून नेटवर्कच्या स्विचसमोर, सगळ्या वायरी जोडलेल्या त्या डब्यासमोर, मांडी घालून बसली. "काका, बिल्डिंग एकच ठेवते, बिऱ्हाडं वेगळी करते," म्हणाली. एकेक वायर चाचपत तिने पेशंटचं नेटवर्क वेगळं काढलं. मग स्वतःच बाकावर जाऊन, पेशंटच्या वायफायवरून रिपोर्ट उघडायला लागली. ओठ चावत सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. काहीच उघडेना.

"बघा, मलाही आत घेत नाही!"

हरून इतक्या ताठ मानेने उठलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.