गोड्या पाण्याचा कॅन

शांताबाईच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. घामाचा मात्र थेंब नव्हता. बाभळीखाली पडून ती आपल्या मेलेल्या सासूशी बोलत होती. दुपारचा एक वाजला होता, आसपास चिटपाखरू नव्हतं, आणि ती माझ्यामुळे उन्हात आली होती.

मी गुहागरकडची. चौथी शिकलेली, वय अडुसष्ट. आमच्या गावातले काही जण तेल्हारा तालुक्यात श्रमदानाला निघाले, तशी मीही निघाले. घरी बसून सुनेच्या चुका काढण्यापेक्षा ते बरं. अकोल्याला रेल्वेतून उतरलो आणि एसटी धरली. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली जमीन. सावली शोधावी लागते.

माझी राहायची सोय शांताबाईकडे होती. ती माझ्याच वयाची, एकटी. पहिला चहा खारट लागला.

"मीठ पडलंय यात," मी म्हटलं.

"पडलं नाई वं. पानीच तसं हाय."

तिथे जमिनीतलंच पाणी खारं. डाळ शिजता शिजत नाही. पिण्याचं गोडं पाणी नळाला आठवड्यातून एकदा येतं, मग घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवतात. त्या पाण्याने मी एकदा हात धुतले, तर शांताबाई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

काम होतं पावसाचं पाणी अडवायला चर खणायचं. गावातले लोक उजाडायच्या आत यायचे आणि दहाला कुदळी टाकून घरी जायचे. मला ते आळशी वाटले. तसं मी बोललेही.

"तुमच्या कोकनात ऊन नाई काय?" शांताबाईने विचारलं.

"आहे. आम्हाला घाम येतो, आम्ही काम करतो."

"इथं घाम दिसत नाई. मानूस सीदा पडते."

मला ते पटलं नाही. अंग कोरडं आहे म्हणजे सोसतंय, असं मी धरून चालले. सहाव्या दिवशी सगळे घरी गेले तरी मी वावरात (शेतात) राहिले.

साडेबाराला शांताबाई कडेवर पाण्याचा कॅन घेऊन आली.

"पानी नेलं नाई तुनं. मराले आली काय वं इथं? चाल घरी."

पाणी प्यायले आणि म्हटलं, पाच मिनिटं. माझ्याशिवाय ती जाईना, बाभळीखाली बसून राहिली. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. वळून पाहिलं तर ती आडवी.

अख्खा कॅन तिच्या डोक्यावर, अंगावर ओतला. पदराने वारा घातला, मग ओरडत गावाकडे धावले. जीप आली. डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलं म्हणून इथवर पोचली. पुढचं सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली.

"माह्यावर गोडं पानी ओतलं काय वं?"

"हो."

"सारं?"

"सारं."

"काहून? इहीर (विहीर) होती ना बाजूले."

होती. वीस पावलांवर. तिने भिंतीकडे तोंड केलं.

उरलेले दिवस मी दहाला सगळ्यांच्या आधी घरी येत होते. निघताना शांताबाईने एसटीसाठी गोड्या पाण्याची बाटली भरून दिली.

"कोनाच्या डोक्शावर ओतू नको."

घरी आले तर मोरीतला नळ वाहत होता. बंद केला. सून म्हणाली, आल्या आल्या सुरू झाल्या.

तो चर मी अर्धाच टाकला होता, पुढे गावाने पुरा केला. शांताबाई जगली. मीही जगले, मला तर काही झालंच नव्हतं.